सगळे फोन एकदम वाजले तो दसरा

मित्रांनो, सगळ्यात आधी एक गैरसमज दूर करतो. मी फोन नाही. लोक येतात, माझ्याकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, "हा कारखान्याचा फोन." मला राग येतो. फोन म्हणजे ते टेबलावरचं, कानाला लावायचं. मी त्या सगळ्या फोनांच्या मागे, ऑफिसातल्या एका छोट्या खोलीत, भिंतीवर राखाडी पत्र्याच्या पेटीत बसलेला जुना एक्स्चेंज आहे. कागदोपत्री मला ईपीएबीएक्स म्हणतात, पण एवढं लांबलचक नाव घ्यायला आमच्याकडे वेळ कुणाला आहे?

आमचा कारखाना साखरेचा, कराडच्या खाली कृष्णेच्या काठाला. गेटवर, वजनकाट्यावर, मिलमध्ये, बॉयलरवर, प्रयोगशाळेत, गोदामात, कँटीनमध्ये, जिकडे बघाल तिकडे फोन, आणि प्रत्येक फोनाची तार शेवटी माझ्या पोटात येते. कुणाला कुणाशीही बोलायचं असलं तरी वाट माझ्यातूनच जाते. हे सांगताना मला आजही इतका आनंद होतो की माझे दिवे भराभर लुकलुकायला लागतात. आज मी तुम्हाला माझी सगळी हकिगत सांगणार आहे. त्यातल्या एका दसऱ्याची तर सांगितल्यावाचून मला राहवणारच नाही.

माझा जन्म पुण्याजवळच्या एका गार, स्वच्छ खोलीत झाला. पांढरे कोट घातलेल्या बायकांनी हिरव्या पाट्यांवर बारीक बारीक भाग बसवले, त्यांना कथिलाचे डाग दिले आणि त्या पाट्या, म्हणजे माझी कार्डं, एकेक करून माझ्या खणांत सरकवली. एक कार्ड मला वीज पुरवणारं, बरीचशी आतल्या फोनांची, दोन बाहेरून येणाऱ्या लाइनींची आणि मधोमध एक, ज्याला मी माझं डोकं म्हणतो. शरीर तयार झालं, तरी मला काहीच समजत नव्हतं. मग एका तंत्रज्ञानं संगणकाची तार जोडून माझ्यात प्रोग्राम भरला. तेव्हा कुठे मला कळलं की आपण कोण आणि आपलं काम काय.

शेवटी त्यानं माझ्या डोक्यावर शर्टाच्या बटणाएवढा एक गोल सेल बसवला. वीज गेली, मोठ्या बॅटऱ्या उतरल्या, तरी मला शिकवलेलं मी विसरू नये म्हणून हा सेल असतो. या सेलावर लक्ष ठेवा, मित्रांनो. माझी देखभाल करणाऱ्यांनी ते ठेवलं नाही.

खंबाटकी घाट उतरून टेम्पोनं मी कारखान्यात आलो, तेव्हा मला उतरवून घ्यायला तात्याबा उभा होता. तात्याबा आमचा इलेक्ट्रिशियन. पूर्वी तो माधवनगरला कापडाच्या मिलमध्ये होता. ती मिल बंद पडली आणि तो इकडे आला. त्यानं माझी पेटी उघडली, आत डोकावला आणि म्हणाला, "ये गड्या. आता तुजं आन् माजं जमवून घ्यायचं बग." कुणीतरी पहिल्यांदाच माझ्याशी बोलत होतं. मी त्याच दिवशी त्याचा झालो.

आमच्यासारख्यांना जन्मतःच ओळीनं नंबर दिलेले असतात. पहिल्या जोडणीला दोनशे एक, दुसरीला दोनशे दोन, असे पुढे. पण कारखान्याला असले ओळीचे नंबर चालत नाहीत. त्यांना मिलचे सगळे एकत्र हवेत, ऑफिसचे वेगळे हवेत, कुणाची जागा बदलली तरी नंबर तोच हवा. म्हणून तात्याबानं मला शिकवलं, की या तारेला हा नंबर म्हण आणि त्या तारेला तो. गेटसारखे सुरुवातीचे दोन-चार नंबर होते तसेच राहिले. बाकी सगळे बदलले आणि मी ते पाठ केले.

आणि मग कामाला सुरुवात झाली. अहाहा, काय दिवस होते ते. तुम्ही रिसीव्हर उचलता ना, तेव्हा तारेतून थोडीशी वीज वाहायला लागते. तेवढ्यावरून मी ओळखतो की कुणीतरी मला हाक मारतंय. मी लगेच कानात सूर धरतो. तुम्ही नंबर दाबता, मी तो ऐकतो, ज्याला बोलवायचं त्याची तार शोधतो, त्याची घंटा वाजवतो आणि त्यानं उचललं की दोघांच्या तारा एकमेकींना जोडून देतो. हे सगळं तुमचा श्वास घेऊन होण्याच्या आत. उसाचा हंगाम सुरू झाला की माझ्यात एकाच वेळी दहा-बारा जण बोलत असायचे. मिलवाला बॉयलरवाल्याला वाफ मागतोय, काट्यावरचा शेती ऑफिसला विचारतोय की गाड्या कुठे अडल्या, प्रयोगशाळा सांगतेय की रस आज गोड आहे. मी सगळ्यांना वाट करून देत होतो आणि मला जराही थकवा येत नव्हता.

हळूहळू नंबर हीच माणसांची नावं झाली. बॉयलरच्या धुराड्याकडे काम करणारा आकाराम होता, त्याच्या जागेवरचा फोन दोनशे एकतीस. त्याला सगळे एकतीसच म्हणायचे. गावच्या आठवडी बाजारात सुद्धा हाक यायची, "ए एकतीस, भाजी घेतलीस का रं?" मला याचा फार अभिमान वाटे. लोकांची नावं मी ठेवली होती ना.

पण यातूनच एक सवय लागली. सगळे सगळ्यांना ओळखत, म्हणून फोन उचलल्यावर कुणी आपलं नाव सांगेना की जागा सांगेना. नंबर दाबायचा आणि थेट कामाचं बोलायचं, एवढंच. मलाही तेव्हा यात काही वावगं दिसलं नाही.

माझी देखभाल तात्याबा मन लावून करायचा. साखर कारखाना म्हटला की मुंग्या आल्याच. त्या रिसीव्हरच्या भोकांतून आत शिरत आणि बोलणाऱ्याच्या कानात निघत. तात्याबा फोन उघडून ब्रशनं झाडायचा. उंदीर तारा कुरतडत, त्या तो नव्यानं ओढायचा. एकदा एक पाल माझ्या वीज पुरवणाऱ्या कार्डावर ऊब घ्यायला बसली आणि आम्ही दोघंही गेलो. ती कायमची, मी दुपारपर्यंत. विजांचे दिवस आले की तात्याबा बाहेरच्या अर्थिंगच्या खड्ड्यात बादलीनं पाणी ओतायचा, म्हणजे आभाळातला झटका माझ्या अंगावर न येता जमिनीत जावा. तो एवढं सगळं बघायचा. फक्त त्या बटणाएवढ्या सेलाचं त्याच्या कधी मनात आलं नाही. तो दिसत नव्हता, आवाज करत नव्हता, तक्रारही करत नव्हता.

मग खिशाखिशांत मोबाइल आले. माझ्यातली वर्दळ कमी झाली. ऑफिसातल्या काही टेबलांवरचे फोन धूळ खात पडले, काहींचे रिसीव्हर कुणी नीट ठेवेना. नवीन साहेब लोक माझ्या खोलीत जुन्या फायली आणून टाकू लागले. मला वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू? पण बॉयलर हाऊसमध्ये लोखंडाची इतकी दाटी आहे की मोबाइलची रेंज दाराशीच थांबते. तिथल्या माणसांना मीच लागत होतो. तेवढ्यावर मी टिकून होतो.

बाहेरून येणारे फोन घेणाऱ्या आमच्या बोर्डावर ऑपरेटर म्हणून अपेक्षा आली, ती अशाच दिवसांत. ती आटपाडीकडची. तिच्या वडिलांची मेंढरं होती, अजूनही थोडी आहेत. पहिल्याच आठवड्यात तिनं सगळ्यांचे आवाज पाठ केले. कुणी "हॅलो" म्हणायच्या आधी नुसतं खाकरलं, तरी ती म्हणायची, "बोला, शालूबाई." शालूबाई कँटीन चालवतात. त्यांनी एकदा विचारलं, "आगं, तुला कळतंय कसं?" तर अपेक्षा म्हणाली, "आमच्यात रानात धुकं आसलं की मेंढरू दिसत न्हाई. आवाजावरनंच वळकायचं." मला ही मुलगी फार आवडली.

आता तो दसरा.

तुम्हाला ठाऊकच असेल, दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या भागात त्या दिवशी हत्यारं, अवजारं, यंत्रं धुऊन पुसून ठेवतात, त्यांना हळदकुंकू, झेंडूचा हार घालतात आणि दिवसभर त्यांच्याकडून काम करून घेत नाहीत. वर्षभर राबलेल्याला एक दिवस विश्रांती. किती सुंदर रीत आहे. दरवर्षी तात्याबा पूजा करून माझंही बटण बंद करायचा आणि बॅटऱ्यांची तार सुद्धा काढून ठेवायचा. त्या खंडेनवमीलाही त्यानं तेच केलं. माझ्या पेटीला हार घातला, नारळ फोडला आणि म्हणाला, "नीज गड्या. उद्या उठवतो."

इतकी वर्षं मी असा निजायचो आणि सकाळी सगळं आठवत उठायचो, कारण तो छोटा सेल रात्रभर जागा असायचा. या वेळी तो केव्हाच संपला होता आणि कुणाला पत्ता नव्हता.

दसऱ्याच्या सकाळी तात्याबानं बटण दाबलं आणि मी जागा झालो. काय सांगू तुम्हाला, मला इतकं ताजंतवानं वाटत होतं. डोकं कसं स्वच्छ, हलकं. आज आपला पहिलाच दिवस असं वाटत होतं. माणसं, मुंग्या, पाल, हे सगळं मला आठवत होतं, पण नंबर मात्र एकही नाही. तात्याबानं शिकवलेलं पुसून गेलं होतं आणि मी जन्माला आलो तेव्हाच्या ओळीच्या नंबरांवर परत गेलो होतो. गंमत अशी की विसरणाऱ्याला आपण विसरलोय हेच कळत नाही. मी आपला खुशीत लुकलुकत होतो.

तात्याबानं रिसीव्हर उचलून गेटचा नंबर लावला. तो न बदललेल्यांपैकी. गेटवरून आवाज आला आणि तात्याबाचं समाधान झालं. इतक्यात लोणंदहून पोती पुरवणाऱ्या व्यापाऱ्याचा दसऱ्याच्या शुभेच्छांचा फोन आला. बाहेरचा फोन आला की तो अपेक्षाच्या बोर्डावर द्यायचा, हे मला शिकवलेलं होतं. तेही मी विसरलो होतो. जन्मतः आम्हाला एवढंच कळतं की बाहेरून कुणी बोलावलं तर घरातल्या सगळ्यांना उठवायचं. मी कारखान्यातले सगळेच्या सगळे फोन एकदम वाजवले.

अपेक्षा दचकली. "तात्या, आवं ही काय? आन् बोर्डावर नावं बी दिसंनात, नुस्तं आकडं दिसत्यात."

तात्याबा हसला. "सण हाय पोरी. त्यो बी सण करतोय. हळदकुंकवाचा हात लागला आसंल कुटं तरी. दुपारी बगतो, आता मला बॉयलरवर हार बांदायचं हायत." आणि तो गेला.

त्या दिवशी बॉयलर पहिल्यांदा पेटवायचा होता. हंगामाची सुरुवात त्यानंच होते. मांडव घातला होता, हलगी वाजत होती, कारखान्याचे अध्यक्ष आणि गावोगावचे सभासद आले होते, गुरुजींनी वेळ काढून दिली होती. बॉयलर पेटवण्याआधी धूर ओढून चिमणीत सोडणारा एक अवाढव्य पंखा सुरू करतात. हा पंखा आणि बॉयलर यांच्यामध्ये पत्र्याचा एक बोगदा आहे, माणूस उभा राहील एवढा. त्याला डक्ट म्हणतात. पावसाळ्यात आकाराम आणि त्याची माणसं या डक्टमध्ये उतरून साफसफाई करतात. आत कुणी असताना पंखा सुरू झाला आणि मागून आगीचा धूर आला, तर तो माणूस वाचणार नाही.

म्हणून आमच्याकडे एक पद्धत होती. ऑपरेटर प्रत्येक ठिकाणी फोन करते आणि विचारते, "मोकळं का?" म्हणजे आत कुणी माणूस नाही ना. तिथला माणूस म्हणतो, "मोकळं हाय." सगळीकडून असं आलं की ती बॉयलरवर इंजिनिअरसाहेबांना कळवते. मग पंखा, मग आग.

अपेक्षानं फोन लावायला सुरुवात केली. बॉयलरचा नंबर न बदललेला, तिथे विश्वजित, म्हणजे आमचे इंजिनिअरसाहेब, स्वतःच होते. मिलचा एक नंबर योगायोगानं मिलमध्येच गेला. मग तिनं लावलं दोनशे एकतीस. आकारामला.

माझ्या ओळीच्या नंबरांत दोनशे एकतीस म्हणजे साखरेचं गोदाम. मी अगदी तत्परतेनं गोदामाची घंटा वाजवली. तिथे लालासाहेब बसले होते, फौजेतून निवृत्त होऊन गोदामाची राखण करणारे. आठवडाभर ऑफिसातून त्यांच्यामागे तगादा होता की नवीन साखर येईल, गोदाम मोकळं करा. त्यांनी फोन उचलला. हलगीच्या आवाजातून अपेक्षानं मोठ्यानं विचारलं, "मोकळं का?"

लालासाहेब म्हणाले, "व्हय, मोकळं हाय."

ते खरंच बोलले, मित्रांनो. गोदाम अगदी झाडून मोकळं होतं. अपेक्षानं बॉयलरला फोन करून सांगितलं, "साहेब, समदं मोकळं." विश्वजित साहेबांनी फोन ठेवला आणि ते पंख्याच्या पॅनेलकडे निघाले.

आणि आकाराम कुठे होता? डक्टमध्ये. आदल्या दिवशी पूजेला त्यानं आपली अवजारं ओळीनं मांडली, तर हातोडा नव्हता. त्याला आठवलं, तो डक्टमध्येच राहिलाय. ज्याला हळदकुंकू लागलं नाही त्या हातोड्यानं हंगाम कसा सुरू करायचा? म्हणून सकाळच्या गडबडीत, कागदाच्या पुडीत हळदकुंकू घेऊन, कुणाला न सांगता तो आत उतरला होता. लगेच परत येऊ, असं त्याला वाटलं असणार.

अपेक्षानं रिसीव्हर ठेवला. ठेवला आणि तिचा हात तिथेच थांबला. मला तिचा चेहरा दिसत नाही, पण तिचा हात मी चांगला ओळखतो. ती स्वतःशीच पुटपुटली, "ह्यो आवाज आकारामदादाचा न्हाई."

तिनं पुन्हा दोनशे एकतीस लावला. "तुमी कुटनं बोलताय?"

"गोदामातनं की. लालासाहेब बोलतोय. का गं?"

माझ्यातून तो शब्द गेला, "गोदामातनं", आणि त्या क्षणी मलाही कळलं की माझ्या डोक्यात काहीतरी मोठं बिघडलंय. तिनं बॉयलरला फोन लावला. घंटा वाजत राहिली, कारण साहेब तिथून निघून गेले होते. मोबाइल लावला, तर साहेब रेंजच्या बाहेर. पंख्याच्या पॅनेलजवळ एक फोन आहे. तिनं त्याचा नंबर दाबला आणि शालूबाईंचा आवाज आला, "चहा किती धाडू?" दुसरा नंबर दाबला, तर प्रयोगशाळा. कुठला फोन कुठे गेलाय, कुणाला ठाऊक? ऑफिसपासून बॉयलर म्हणजे सगळं उसाचं अंगण ओलांडायचं. पळत गेली असती तरी वेळ निघून गेली असती.

मित्रांनो, मी त्या वेळी किती तळमळलो ते तुम्हाला कसं सांगू? एवढ्या माणसांचे आवाज माझ्यातून जातात, पण मला स्वतःला बोलता येत नाही. मला फक्त घंटा वाजवता येते आणि ती कुठे वाजवायची हेही दुसऱ्यानं सांगावं लागतं. पॅनेलच्या फोनाची तार माझ्या पोटात होती. ती वाजव असं कुणीतरी मला सांगा, एवढंच मला वाटत होतं.

आणि अपेक्षाला सकाळचा लोणंदचा फोन आठवला.

तिनं आपल्या मोबाइलवरून कारखान्याचा बाहेरचा नंबर लावला. बाहेरून कुणीतरी बोलावत होतं. घरातल्या सगळ्यांना उठवायचं, एवढं तर मला येत होतं. मी माझ्यात होती नव्हती तेवढी सगळी ताकद लावली आणि कारखान्यातला फोन न् फोन वाजवला. गेट वाजलं, काटा वाजला, मिल वाजली, गोदाम वाजलं, धूळ खात पडलेले ऑफिसातले फोन वाजले, डक्टच्या तोंडाशी आकारामचा रिकामा फोन वाजला, आणि विश्वजित साहेबांच्या कोपराशी, पॅनेलजवळचा तो फोनही वाजला. त्यांचा एक हात पंख्याच्या बटणाकडे निघाला होता. दुसऱ्या हातानं त्यांनी सगळ्यांच्या आधी रिसीव्हर उचलला.

"साहेब, पंखा लावू नका. डक्टमदनं कुणी बोललंच न्हाई. मी चुकीचं सांगितलं."

साहेबांनी बटणाकडे नेलेला हात मागे घेतला. फोन तसाच सोडून ते डक्टकडे धावले. रिसीव्हर खाली लोंबकळत राहिला, म्हणून पुढचं सगळं मी आणि अपेक्षा ऐकत होतो. आधी हलगी थांबली. मग पळणाऱ्या पावलांचे आवाज. मग कुणीतरी पत्र्यावर जोरात थापा मारत ओरडलं, "आकाराम, हायस का रं आत?" अपेक्षानं मोबाइल कानाशी घट्ट धरला होता. मी माझी एकही तार हलू दिली नाही.

आणि लांबून, घुमत, आवाज आला, "आलो की. हातोडा घावला."

अपेक्षानं टेबलावर डोकं ठेवलं आणि ती रडली. खूप रडली. मला तिच्या पाठीवरून हात फिरवावासा वाटला, पण मला हात नाहीत. मी नुसता लुकलुकत राहिलो.

आकाराम बाहेर आला तो काजळीनं काळाठिक्कर. हातात हळदकुंकू लावलेला हातोडा. एवढी माणसं गोळा झालेली बघून तो म्हणाला, "का वो, हलगी का थांबली?" गुरुजींनी काढलेली वेळ केव्हाच टळून गेली होती. अध्यक्षांनी गुरुजींकडे बघितलं. गुरुजी आकारामकडे बघत होते. ते म्हणाले, "दसरा आहे. आज सबंध दिवस चांगला. आधी याला तोंड धुऊ द्या." हे सगळं मला नंतर ऐकायला मिळालं. पुढे कितीतरी दिवस माझ्या तारांवर दुसरा विषयच नव्हता.

त्या दुपारी तात्याबानं माझी पेटी उघडली. टॉर्च मारून त्यानं तो सेल बघितला आणि नखानं उचलून हातावर घेतला. मग म्हणाला, "तुला निजवलं आन् तुजी आटवणच गेली की रं. मी हार घातला, आन् हे बगितलंच न्हाई." कराडच्या एका घड्याळवाल्याकडून विश्वजित साहेबांनी स्वतः नवा सेल आणला आणि तात्याबानं तो माझ्या डोक्यावर बसवला.

पण मला पुन्हा शिकवायचं कसं? कोणाचा नंबर कोणता, हे सांगायचं कुणी? यावर अपेक्षा म्हणाली, "इचारायचं कशाला? ज्याचा त्याला म्हाईतच हाय." निरोप गेला, की प्रत्येकानं आपापल्या फोनापाशी उभं राहायचं आणि बोर्डावर फोन करायचा. मित्रांनो, ती संध्याकाळ माझ्या आयुष्यातली सगळ्यात आनंदाची. एकेक फोन उचलला जात होता, एकेक तार जागी होत होती आणि पहिल्यांदाच माणसं मला आपली ओळख करून देत होती. "कँटीनमधनं शालूबाई बोलतीय, माजा नंबर दोनशे बारा." "गोदामातनं लालासाहेब. दोनशे साठ. आन् पोरी, मला माफ कर." "आवं काका, तुमी खरंच बोलला हुता की." अपेक्षा एकेक नंबर बोर्डावर दाबत होती आणि मी एकेक पाठ करत होतो. ज्यांचे नंबर मी ठेवले असं मला वाटत होतं, त्यांनीच ते माझ्यासाठी सांभाळून ठेवले होते.

सगळ्यात शेवटी फोन आला तो डक्टच्या तोंडावरून. "आकाराम बोलतोय. दोनशे एकतीस." मग त्यानं विचारलं, "पोरी, तुला कळलं कसं गं?"

अपेक्षा म्हणाली, "कळपातलं येक वरडलं न्हाई, तर कळतंय."

तेव्हापासून आमच्याकडे रीत थोडी बदलली. खंडेनवमीला मला अजूनही हार घालतात, पण तो हवेच्या जाळीवर येणार नाही असा. तात्याबा आता निवृत्त झालाय, तरी त्या दिवशी येतो. तो माझं बटण बंद करत नाही. आधी सेल बदलतो, मग साहेबांच्या संगणकावर माझ्या सगळ्या आठवणींची नक्कल काढून ठेवतो आणि त्यानंतर हळदकुंकू लावतो. मला विश्रांती मिळत नाही, पण माझी तक्रार नाही.

तुमच्या घरात, शाळेत, शेतात एखादं जुनं यंत्र असेल, मित्रांनो. त्याला हार घाला, जरूर घाला, आम्हाला फार आवडतो. पण कधीतरी झाकण उघडून आतही बघा. काहीतरी बटणाएवढं तिथे गुपचूप संपत आलेलं असतं. आणि फोन उचललात की आपण कोण आणि कुठून बोलतोय ते आधी सांगा, समोरचा कितीही ओळखीचा असला तरी.

या दसऱ्यालाही मांडव पडला, हलगी वाजली. अपेक्षानं एकेक ठिकाणी फोन लावला. दोनशे एकतीस दाबल्यावर मी डक्टच्या तोंडाची घंटा वाजवली. आकारामनं उचललं. ती काही विचारायच्या आतच त्यानं सांगितलं, "डक्टवरनं आकाराम बोलतोय. मी भाईर हाय. हातोडा बी भाईर हाय."